आखाताला निघालात? सिमकार्डाच्या या चुका टाळा

आमच्या दारव्हा तालुक्यातून कोणी आखाताला निघालं की चटण्या-लोणच्यांची बांधाबांध चार दिवस चालते. सिमची आठवण मात्र नागपूरच्या विमानतळावर होते. मीही तसाच गेलो होतो, अमिरातीतल्या शारजाला, गोदामात कामाला.

सगळ्यात मोठी चूक माझीच. तिकडं नवा नंबर मिळणारच, म्हणून इथलं सिम बाबांच्या फोनमध्ये टाकून गेलो. पुढं कृषी केंद्राची उधारी द्यायला बँकेचं ॲप उघडलं, तर ओटीपी गेला गावाला. आमच्या घरात रेंज नाही. ती धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली येते. बाबा तिथं उभे राहून सांगायचे, "सात... मंग शून्य... थांब बापू, चष्मा घरीच राह्यला." तोवर मुदत संपलेली. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण फोनवर ओटीपी वाचून दाखवायची बाबांना सवय लागली. एक दिवस ‘बँकेतून बोलतो’ असा कोणाचा तरी फोन आला आणि बाबा इमानदारीनं आकडे सांगू लागले. पुतण्यानं हातातून फोन हिसकला म्हणून निभावलं.

तेव्हा सिम सोबतच न्या. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या, म्हणजे इथलं सिम तिकडंही चालेल. तिकडं असताना आलेल्या एसएमएसला सहसा पैसे लागत नाहीत, पण कॉल उचलला की कटतात. म्हणून या नंबरवर फोन करू नका, असं घरच्यांना बजावून ठेवा. डेटा रोमिंग, म्हणजे तिकडं या सिमवरचं नेट, बंद ठेवा. रिचार्जही संपू देऊ नका. सलग 90 दिवस वापर नाही आणि खात्यात 20 रुपयेही नाहीत, तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढं तो दुसऱ्याला मिळतो. नेट नसलेले, नुसत्या कॉल-एसएमएसचे रिचार्ज आता मिळतात, त्यांची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. मला तेच बरे वाटतात. आधारला भारतातलाच नंबर चालतो, हेही ध्यानात असू द्या.

यूपीआयचं थोडं वेगळं आहे. 2023 पासून अमिराती, सौदी, कतार, ओमान, अमेरिका अशा काही देशांतल्या नंबरवर ते चालतं, पण खातं एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं, हवं. बँकेत जाऊन हे काम आधीच उरका.

तिकडं उतरल्यावर रूममेट म्हणेल, "घे, माझ्याकडं एक जास्तीचं सिम आहे." घेऊ नका. दुसऱ्याच्या नावाचं सिम म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विहीर खोदणं. सौदीत अबशेर या सरकारी ॲपसाठी तुमच्याच इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, नोंदलेला नंबर लागतो. आपलं सिम दुसऱ्याला देणं तर त्याहून वाईट. त्यानं काही भानगड केली तर पोलीस तुमच्या दारात. अमिरातीत सुरुवातीला पासपोर्टवर सिम मिळतं, पण एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, हातात पडलं की त्यावर नोंदणी बदलून घ्या, नाहीतर लाइन तुटते.

जर्मनीकडं जाणाऱ्या पोरांनी 24 महिन्यांच्या करारावर घाईत सही करू नये. आधी प्रीपेड घ्या. तिथं 2017 पासून प्रीपेडलाही ओळखपत्र दाखवावं लागतं, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. फोन कोणत्या एका कंपनीला लॉक नाही ना, हे इथंच दुसरं सिम घालून बघा.

आणि एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल होत नाही. बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरावी लागतात आणि ते घरच्या फोनमध्येही लागतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आदल्या रात्री आईला शिकवूनच निघालो. ती त्याला ‘बोटीन’ म्हणते. संध्याकाळी साडेसातला कडुनिंबाखाली जाऊन बसते. शारजात तेव्हा सहाच वाजलेले असतात आणि माझी ड्यूटी सुटलेली नसते. हे तिला दर वेळी सांगावं लागतं.