विटोशा डोंगरावरून खोलीत आलं की लेन्सवर दव: अखेर सुटलं

बल्गेरियात, सोफियात यंदा पदवी झाली. नोकरी लागेपर्यंत दर रविवारी कॅमेरा घेऊन शहरालगतचा विटोशा. त्याचं शिखर चेर्नी व्रह 2290 मीटर, हिवाळ्यात बोटं आखडतात. खोलीत पाऊल टाकलं की लेन्स दुधाळ. पुसली, पुन्हा तेच. सिलिका जेल (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी) ठेवलं, फरक शून्य. पार वैतागलो होतो.

उपाय असा: दाराबाहेर, थंडीतच, आधी मेमरी कार्ड काढा (नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जातेच). मग कॅमेरा झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून झिप बंद. आत आल्यावर हीटरपासून लांब ठेवा. दव पिशवीच्या बाहेरून धरतं, काच कोरडी राहते. मला दोन तास लागतात. पिशवी हाताला गार लागेनाशी झाली की बाहेरून पुसून उघडा. बानित्सा (इथला लोणी-चीजचा भाजलेला पदार्थ) आणलेली पिशवी मात्र नको, लोण्याचा हात लेन्सला लागतो.