जुन्या कंपनीचा पीएफ एनपीएसमध्ये नेताना

वाळूजला दहा वर्षं काढली, मग गावाकडे लातूरला स्वतःचं दुकान टाकलं. कंपनीतला पीएफ मात्र तिथंच पडून. तो एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत न्यायचा आणि गुंतवणूक आपणच ठरवायची, असं अनेकांच्या मनात असतं. तशी वाट पीएफआरडीए या पेन्शनच्या नियामक संस्थेनं 2017 मध्ये करून दिली. पण सगळे पैसे त्या वाटेनं जात नाहीत.

आधी यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर टाकून पासबुक उघडा. प्रत्येक महिन्यापुढे तीन आकडे दिसतील. पगार 15,000 धरला तर तुमचे 1800, कंपनीचे 550 आणि शेवटच्या रकान्यात 1250. हे 1250 कंपनीच्याच वाट्यातले, पण ते ईपीएसमध्ये, म्हणजे पेन्शन योजनेत जातात. एनपीएसकडे न्यायचे ते पहिले दोन, व्याजासकट. तिसरा रकाना जागचा हलत नाही.

त्याचं काय करायचं? सेवा 10 वर्षांच्या आत असेल तर फॉर्म 10-सी भरून पैसे काढता येतात. काढू नका, असं माझं मत. त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला मागा, पुढच्या नोकरीत जुनी वर्षं जोडली जातात. 10 वर्षं भरली असतील तर पैसे मिळत नाहीत, 58 व्या वर्षापासून पेन्शन मिळते. हिशोब सोपा: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पंधरा हजारांवर 10 वर्षं म्हणजे महिन्याला साधारण 2140 रुपये. फार नाहीत, पण हक्काचे आहेत.

आता कागद. आपल्याकडे घोळ होतो तो नावात. आधारवर ‘बालाजी’, पीएफला ‘बालाजीराव’, एवढ्यावर अर्ज अडतो. दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लरेशन भरा. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का, तेही बघा. जिल्ह्याच्या ठिकाणी दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफवाल्यांचं ‘निधी आपके निकट’ शिबिर असतं. बीड-हिंगोलीकरांना त्यासाठी संभाजीनगर गाठायला नको.

मग बँकेत किंवा ऑनलाइन एनपीएसचं टियर-1, म्हणजे निवृत्तीसाठीचं मुख्य खातं उघडा. प्रान, म्हणजे एनपीएसचा कायमचा खाते नंबर मिळेल. शेअर, कंपनी रोखे, सरकारी रोखे यांत किती-किती, हे स्वतः ठरवायचं तर ‘अ‍ॅक्टिव्ह चॉइस’ निवडा. रोज बाजार बघायची सवय नसेल तर ‘ऑटो’ बरा, त्यात वाटणी वयानुसार आपोआप ठरते.

बदलीचा अर्ज नोकरी देणाऱ्यामार्फत जातो. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट किंवा सुपरअ‍ॅन्युएशन फंड, म्हणजे निवृत्तीसाठीचा निधी असेल तर काम सरळ आहे. खातं पीएफ कार्यालयात असेल तर अशी बदली होते का, हे आधी लेखी विचारा आणि पोच घ्या. रक्कम स्वतःच्या बचत खात्यात मात्र घेऊ नका. तसं केलं की ती बदली राहत नाही, पैसे काढले असं धरलं जातं आणि पाच वर्षांच्या आतली सेवा असेल तर करही लागू शकतो. पैसे प्रान नंबरच्या उल्लेखासह थेट एनपीएस ट्रस्टच्या खात्यात गेले पाहिजेत. असे आलेले पैसे त्या वर्षाचं उत्पन्न धरत नाहीत, पण त्यावर एनपीएसच्या गुंतवणुकीवरची करवजावटही मिळत नाही.

घाई मात्र नको. पीएफला 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज होतं, एनपीएसमध्ये परताव्याची हमी नाही. शिवाय साठीनंतर पैसे काढताना, जमलेली रक्कम अगदी लहान नसेल तर, ठरावीक भागाची दरमहा पेन्शन देणारी विमा योजना, म्हणजे अ‍ॅन्युइटी घ्यावीच लागते.

स्टेटमेंटवर युनिट दिसले की नॉमिनी तपासा. पीएफला लावलेलं नॉमिनेशन इथं चालत नाही.