डाव नेमका कुठं फिरला, ते कसं शोधायचं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडं बुद्धिबळ शिकायला येणारी पोरं रविवारची स्पर्धा खेळून आली की गाऱ्हाणं ठरलेलं: "सर, उंट फुकट गेला." फुकट काही जात नाही. तो चार चाली आधीच गेलेला असतो, पटावरून उचलला नंतर जातो.

त्यामुळं हरलेला डाव उलटा तपासायचा. मोहरा गेला तिथून एकेक चाल मागं या आणि दर वेळी विचारा, इथं तो वाचत होता का? पहिलं "हो" जिथं येईल, तिथली आपली चाल म्हणजे चूक. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, तोवर बंद. ते चूक दाखवतं, पण त्या क्षणी तुमचं लक्ष कुठं होतं हे त्याला काय कळणार!

रुय लोपेझ नावाच्या सुरुवातीतला जुना सापळाच बघा (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; नुसतं घर लिहिलंय तिथं प्यादं). ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट बी५ ए६, उंट ए४ डी६, डी४ बी५, उंट बी३. आता डी४ वर घोड्यांची मारामारी, म्हणजे अदलाबदल, होते आणि काळ्याचं प्यादं तिथं येऊन बसतं. आठव्या चालीला पांढरा ते वजिरानं उचलतो. काळा सी५. वजीर डी५ वर येतो. एफ७ वर मात आणि कोपऱ्यातला हत्ती, दोन्हींवर डोळा. पोरगं खूश! पण उंट ई६, वजीर सी६ शह, उंट डी७, वजीर परत डी५, आणि सी४. बी३ चा उंट कोंडला. पोरं अकराव्या चालीवर बोट ठेवतात. चूक आठवीत आहे: आधी उंट डी५ खेळून हत्तीवर मारा करायचा, प्यादं नंतर मिळतं.

चाली लिहायच्या शीटवर चालीशेजारी घड्याळातली वेळही लिहीत जा, नियमात बसतं. झटक्यात केलेली मारामारी लगेच सापडते.

मारामारीआधी मनातल्या मनात मोहरे उचलून फक्त राजे आणि प्यादी बघायची. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ ला, जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात, तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेननं ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर आणला. गुकेशनं हत्तींची मारामारी केली आणि उंट डी५ वर ठेवला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात, पळायला जागाच नाही. उंटही गेले, उरला प्याद्यांचा शेवट, त्यात गुकेशचं एक प्यादं जास्त. खलास.

समोरच्याच्या चुकांवरही पेन्सिलीनं खूण करा, हे पालक हमखास विसरतात. २०१४ ला सोचीत जगज्जेतेपदाच्या सहाव्या डावात कार्लसननं २६ व्या चालीला राजा डी२ वर नेला. आनंदला घोड्यानं ई५ चं प्यादं मारता येत होतं. तो ए४ खेळला आणि डाव हरला. तुमच्या शीटवर अशा किती जागा निघतात ते मोजा, मग लावा इंजिन.