फॉर्मला फाटे फोडताना: उत्तर बघून पुढचा प्रश्न विचारणारा सर्व्हे कसा बनवायचा

आमच्या सोसायटीत ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) चार्जिंगचा विषय निघाला तेव्हा कमिटीने "तू कंप्युटरवाला ना, एक गुगल फॉर्म बनवून टाक" म्हणून ते काम माझ्या गळ्यात घातलं. मी पण उत्साहात 34 प्रश्न एकाखाली एक टाकले आणि लिंक ग्रुपवर सोडली. तासाभरात फोन सुरू. भाडेकरू म्हणतायत सिंकिंग फंडाचं (मोठ्या दुरुस्तीसाठी मालकांकडून जमवलेला निधी) आम्हाला काय विचारता, आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही अशा एक आजी विचारतायत की "रोज किती किलोमीटर चालवता" मध्ये शून्य लिहू का चालत जाते ते लिहू. तेव्हा कळलं की सगळ्यांना सगळं विचारून चालत नाही, उत्तर बघून पुढचा प्रश्न बदलायला हवा. एरवी फाटे फोडू नका म्हणतो आपण, इथे मात्र नीट फोडायचे असतात.

ही आयडिया काही ऑनलाइनवाल्यांनी शोधलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची प्रश्नावली बघा, उजव्या बाजूला एक वेगळा रकानाच असतो, हे उत्तर आलं तर थेट अमुक नंबरच्या प्रश्नावर जा असं सांगणारा. कागदावर भरायचे तेव्हा उडी मारायचं काम प्रश्न विचारणारा माणूस करायचा, आपल्याकडे ते फॉर्मने करायचं, एवढाच फरक.

तर पहिलं काम, लॅपटॉप बंद करा आणि पाठकोरा कागद घ्या. वर एक चौकट, त्यात असा प्रश्न ज्याच्या उत्तराने माणसाची वाटच बदलते. आमच्याकडे तो होता "तुम्ही इथे कोण": स्वतः राहणारा मालक, फ्लॅट भाड्याने दिलेला मालक, भाडेकरू. मधला प्रकार मी आधी विसरलेलो, पण तो वेगळाच ठेवावा लागतो कारण तो इथे राहत नाही, गाडी इथे लावत नाही, पण मत आणि खर्चाचा वाटा त्याचा आहेच (वर तो नॉन ऑक्युपन्सी चार्ज भरतो, महाराष्ट्रात सर्व्हिस चार्जच्या 10 टक्क्यांपर्यंत, त्यामुळे आधीच वैतागलेला असतो, त्याला फालतू प्रश्न विचारलेत तर फॉर्म तिथेच सोडून देईल). मग प्रत्येक प्रकाराखाली फक्त त्यालाच लागू होणारे प्रश्न, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक चौकटीतून बाहेर पडणारा बाण. आत जाणारे बाण सगळेच काढतात हो, बाहेर पडणारा विसरतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो, खाली सांगतो.

आता गुगल फॉर्म. यात फाटा फुटतो तो सेक्शनवरून (सेक्शन म्हणजे फॉर्मचं एक पान), एकाच पानावर प्रश्न दिसणं-लपणं असला प्रकार यात नाही. म्हणून कागदावरची एक चौकट म्हणजे एक सेक्शन. सगळे सेक्शन आधी रिकामेच बनवून घ्या, नावं द्या (नावं भरणाऱ्याला दिसतात, "थकबाकीवाले" असलं काही लिहू नका), मग प्रश्न भरा. वाट ठरवणारा प्रश्न मल्टिपल चॉइस किंवा ड्रॉपडाउनच हवा, चेकबॉक्सवर किंवा टाइप करायच्या उत्तरावर हे चालत नाही. त्या प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करा, "गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर" निवडा, की प्रत्येक पर्यायासमोर कुठे जायचं ते विचारतो. हा प्रश्न रिक्वायर्ड (म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा) करायलाच हवा, नाहीतर कोणी न भरता नेक्स्ट दाबलं की तो जिथे फेकला जाईल तिथे जातो. आणि एका सेक्शनमध्ये वाट ठरवणारा प्रश्न एकच, तोही शेवटी. दोन ठेवलेत तर कोणाचं ऐकलं ते शोधत बसाल.

आता तो घोळ. प्रत्येक सेक्शनच्या खाली "आफ्टर सेक्शन" असा एक ड्रॉपडाउन असतो आणि तो मुळात "कंटिन्यू टू नेक्स्ट सेक्शन" वर असतो. म्हणजे मालकाला तुम्ही दुसऱ्या सेक्शनला पाठवलं, त्याने ते भरलं, नेक्स्ट दाबलं, की तो गुपचूप तिसऱ्यात म्हणजे भाडेकरूंच्या सेक्शनमध्ये. माझ्या दुसऱ्या फॉर्ममध्ये अगदी हेच झालं, आणि सगळे प्रश्न रिक्वायर्ड असल्यामुळे बिचाऱ्यांनी "घरमालक चार्जर लावायला परवानगी देईल का" याचंही उत्तर दिलं, एकाने तर "मीच देतो" असं लिहिलं. सगळे रिस्पॉन्स फेकून द्यावे लागले. त्यामुळे कागदावरचा प्रत्येक बाहेरचा बाण इथे भरा, एकतर सगळ्यांच्या कॉमन सेक्शनला जा नाहीतर सबमिट. आणि सेक्शन वरखाली हलवलेत तर हे परत तपासा, कारण "नेक्स्ट" म्हणजे कोण ते बदललेलं असतं.

"इतर" साठी तयार येणारा पर्याय मी वापरत नाही. साधा पर्याय म्हणून "इतर" टाइप करतो आणि त्याला एका छोट्या सेक्शनला पाठवतो, तिथे एकच ओळ, काय ते लिहा. आमच्याकडे यातून एक जण निघाले जे फ्लॅटमध्ये क्लास चालवतात, ते कुठल्याच खोक्यात बसत नव्हते.

फाटे किती फोडायचे? माझं मत, दोन पातळ्यांच्या खाली जाऊ नका. पहिली "तुम्ही कोण", दुसरी "गाडी कुठली", बास. कारण गुगल फॉर्म मागच्या सेक्शनचं उत्तर लक्षात ठेवून पुढे निर्णय घेत नाही, "भाडेकरू आहे आणि ईव्ही आहे" अशी जोडअट लावायची तर तो अख्खा सेक्शन कॉपी करून दोन ठिकाणी ठेवावा लागतो, आणि मग उत्तरं जिथे जमा होतात त्या गुगल शीटमध्ये एकाच प्रश्नाचे दोन कॉलम येतात. तीन प्रकार गुणिले चार गाड्या म्हणजे बारा वाटा, तपासणार कोण? खरंच तेवढी गरज असेल तर गुगल फॉर्मशी कुस्ती खेळू नका, कोबो टूलबॉक्स या सर्व्हेच्या दुसऱ्या टूलवर जा. तिथे प्रत्येक प्रश्नाला "मागचं हे उत्तर असेल तरच दाखव" अशी अट लावता येते, दोन-तीन अटी एकत्र पण चालतात, चेकबॉक्सची उत्तरं पण चालतात, आणि गावात नेटवर्क नसलं तरी मोबाइलवर भरून नंतर पाठवता येतं. संस्थांची मंडळी फील्डवर म्हणून तेच वापरतात. स्वतःचा सर्व्हर असेल तर लाइमसर्व्हे पण आहे. सोसायटीसाठी हे म्हणजे मुंगी मारायला तोफ.

अजून एक गंमत. लोक हुशार असतात, "हो" म्हटलं की पाच प्रश्न वाढतात हे दोनदा दिसलं की तिसऱ्यांदा "नाही" म्हणून मोकळे होतात. म्हणून आपल्याला सगळ्यात जास्त हवा असलेला प्रश्न लवकर विचारा आणि हो-नाहीचे प्रश्न एकामागून एक लावून प्रत्येकाला शेपूट जोडू नका. किती भरून झालं ते दाखवणारी पट्टी, म्हणजे प्रोग्रेस बार, मी बंदच ठेवतो, सेक्शन गाळले की तो उड्या मारतो आणि माणूस गोंधळतो. त्याऐवजी सुरुवातीलाच "कोणालाही 12 पेक्षा जास्त प्रश्न येणार नाहीत" असं लिहायचं, आणि ते खरं आहे का हे सगळ्यात लांब वाट मोजून बघायचं.

उत्तरं आल्यावर टक्केवारी जपून काढा. शीटमध्ये जो प्रश्न ज्याला दिसलाच नाही त्याचा रकाना रिकामा असतो. समजा 120 जणांनी फॉर्म भरला, त्यातल्या 40 भाडेकरूंनाच एक प्रश्न दिसला आणि 30 जण हो म्हणाले, तर गुगलचा गोल चार्ट 75 टक्के दाखवणार. ते भाडेकरूंचे 75 टक्के, सोसायटीचे नव्हे, आणि मीटिंगमध्ये चार्टचा स्क्रीनशॉट दाखवला की हे कोणी विचारत नाही. म्हणून सगळ्यांचं मत हवंय असा प्रश्न (आमच्याकडे, चार्जरचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा की वापरणाऱ्याने) फाट्यात टाकू नका, सगळ्या वाटा जिथे परत एकत्र येतात त्या शेवटच्या कॉमन सेक्शनमध्ये ठेवा. कॉलमही एकच येतो.

लिंक पाठवायच्या आधी डोळ्याच्या चिन्हावर जाऊन प्रत्येक वाटेने एकदा स्वतः भरून बघा, कागदावर टिक करत. नंतर घरातल्या अशा कोणाला तरी द्या ज्याने फॉर्म बनवताना पाहिलेला नाही, आणि मागे उभं राहून फक्त बघा, मदत करू नका. माझ्या आईने पहिल्याच पानावर विचारलं "फ्लॅट तुझ्या नावावर आहे, मी राहते, मग मी मालक का?" चौथा पर्याय तिथे सुचला: मालकाच्या घरचे. आणि टेस्टचे रिस्पॉन्स उडवताना दोन्हीकडून उडवा, फॉर्ममधून डिलीट केले तरी जोडलेल्या शीटमधल्या ओळी तशाच राहतात.