अॅल्युमिनियमची छोटी होडी: तयारी आणि निगा

तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात किंवा प्रकाशा गावच्या बंधाऱ्यात जाळं-गळ घेऊन फिरायला बारा-चौदा फुटी अॅल्युमिनियमची होडी सोयीची. दोघांनी उचलली की पिकअपमध्ये जाते. पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो, त्यामुळे तापीच्या गोड्या पाण्याचा तिला फारसा त्रास नाही. तिची खरी नासाडी होते ती आपल्या शेतातल्या शेडमध्ये.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्याची शेड डोळ्यासमोर आणा. पोटॅशच्या गोण्या, कॉपर ऑक्सिक्लोराइडचे पुडे, फवारणीचा पंप, तांब्याच्या वायरींची भेंडोळी. आपलं नेहमीचं पोटॅश म्हणजे क्लोराइड. ओल मिळाली की ते हा थर फोडून पत्र्यात टाचणीएवढे खड्डे पाडतं. तांब्याचं औषध सांडलं तर आणखी वाईट, ओलीत दुसऱ्या धातूला लागलं की अॅल्युमिनियम झिजतं. म्हणून पहिलं काम म्हणजे होडीची जागा बदला. नुसत्या मातीवर किंवा ओल्या सिमेंटवर नको. दोन कोरड्या लाकडांवर पालथी ठेवा.

आता गळती शोधू. होडी सुलटी करून तळाला तीन-चार ठिकाणी भक्कम टेकू द्या आणि आत वीतभर पाणी भरा. टेकू कमी पडले तर पाण्याच्या वजनाने तळ वाकतो. मग खाली वाकून बाहेरून बघा, कुठल्या रिव्हेटखाली (पत्रे जोडणाऱ्या खिळ्याखाली) थेंब धरतोय. तिथे मार्करने खूण करा. पेन्सिल वापरू नका, शिशातल्या ग्रॅफाइटमुळेही ओल्या पत्र्याला गंज लागतो. ढिला रिव्हेट आवळायला दोघे लागतात: एकाने आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची. तरी थांबलं नाही तर जुना काढून बंद तोंडाचा अॅल्युमिनियम रिव्हेट पॉलियुरेथेन सीलंट लावून बसवा. दुकानदार स्वस्तातलं सिलिकॉन पुढे करतो. पाण्याखाली ते फार दिवस धरत नाही, वर नंतर रंगही चिकटत नाही.

मागच्या फळीवर हातोडीचं टोक टकटक करून ऐका. आवाज बोदा आला तर आतलं लाकूड कुजलंय. मोटर बसवण्याआधी ते बदलाच.

मोकळी जागा हवी म्हणून मधली बाकं कापून काढणारे बरेच आहेत. बाक बसायला असतं तसंच दोन्ही बाजूंना ताणून धरायलाही असतं, आणि त्याच्या पोटात बहुधा फोम असतो. एक घनफूट फोम साधारण 27 किलो भार तरंगवतो. 70 किलोची रिकामी होडी पाण्याखाली 44 किलोच भरते, पण मोटर आणि बॅटरीचा भार वेगळा. फोम बदलायचा तर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न मुरणारा घ्या. साध्या थर्माकोलवर पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

तळाला वॉटरप्रूफ प्लाय टाका, होईल तितका खाली. उभं राहून जाळं फेकायचं म्हणून उंच फलाट बांधला की होडी डुलते. तांब्याचं हिरवट औषध मुरवलेलं लाकूड किंवा प्लाय मात्र नको. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, मध्ये नायलॉनचा वायसर. पितळी बूच असेल तर काढून रबरी बसवा. कुठल्याही बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसली तर नखाने खरवडून बघा, खाली खड्डा सापडतो. रंगाआधी सेल्फ-एचिंग, म्हणजे पत्रा किंचित कोरून घट्ट धरणारा प्रायमर मारा. लोखंडाचा रेड ऑक्साइड इथे पोपडे धरतो. आतून फिका रंग द्या, मे महिन्यात जळगावच्या उन्हात उघडा पत्रा मांडी पोळतो.

वायरिंग ट्रॅक्टरच्या इलेक्ट्रिशियनकडे दिलंत तर शेजारी उभे राहा. सवयीने तो अर्थ बॉडीला देईल. होडीत ते चालत नाही, प्रवाह पत्र्यातून फिरला की धातू झिजतो. प्रत्येक दिव्याला, पंपाला दोन वायरी थेट बॅटरीपर्यंत, आणि बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज.

परतल्यावर बूच काढून पाणी जाऊ द्या, चिखल साध्या साबणाने धुवा. ओलं फेकजाळं होडीत रात्रभर राहू देऊ नका. त्याच्या शिशाच्या गोळ्या तळाला चिकटून डाग पाडतात. तारेचा घासणा आणि संडास धुण्याचं अॅसिड लांबच ठेवा.

पाण्यात उतरण्याआधी धरणाच्या कार्यालयात आणि तिथल्या मच्छीमार संस्थेकडे परवानगीचं विचारा. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडायची सूचना आली की त्या दिवशी होडी बाहेरच. लाइफ जॅकेट अंगात घातलेलं असावं, बाकाखाली नव्हे. आणि काठावर शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटरींच्या केबली पाण्यात लोंबत असतात, कित्येकांचे जोड उघडे. तुमची होडी म्हणजे वीजवाहक धातू आहे. केबल दिसली की वल्ह्याने ढकलायला जाऊ नका, लांबून वळसा घ्या आणि दुसऱ्या जागी लागा.