मशीनवर पहिली वाकळ शिवताना

पहिलीच वाकळ पलंगभर शिवायला घेऊ नका. 36 बाय 36 इंचाचं दुपटं घ्या. घरच्या काळ्या मशीनच्या मानेखाली एवढी गुंडाळी आरामात जाते, आणि बिघडलंच तर उसवायला एक दुपार पुरते.

वर तुकडे जोडलेलं किंवा अख्खं सुती कापड, मध्ये जुनं लुगडं दुहेरी करून, खाली मऊ सुती साडी. सगळं आधी धुतलेलं. खालचे दोन्ही थर चारी बाजूंनी 2 इंच जास्त ठेवा. सिंथेटिक साडी खाली अजिबात नको, ती घसरते. मध्ये फार भरूही नका. आमच्या बेळगावकडच्या खानापूरच्या पावसात जाड वाकळ चार-चार दिवस वाळत नाही. सुई 16 नंबरची, नवी. टाका 3 मिलिमीटरचा.

आता जिथं सगळ्यांचं बिघडतं ते सांगते.

आमच्याकडे हातानं वाकळ शिवणाऱ्या बाया कडेनं सुरू करतात आणि फेऱ्या घालत मध्याकडे येतात. खानापूर-हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायकांची कवंदी (त्यांची वाकळ) अशीच आत येते. हाताला ते जमतं, कारण दर टाक्याला तळहात कापड सपाट करत जातो. माझ्या आत्तीनं मला हेच शिकवलेलं, म्हणून बहिणीच्या बाळाचं दुपटं मी मशीनवर तसंच शिवलं. मध्यावर आले तर कापड पुरीसारखं फुगलेलं. उलटून पाहिलं, खालच्या साडीला बोटभर चुण्या. सगळं उसवलं, आणि उसवताना साडीला दोन ठिकाणी भोकं पडली.

कारण साधं आहे. मशीनचे सुईखालचे दाते फक्त खालचा थर मागं ओढतात. वरचा थर फूटखाली, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, दाबला जातो आणि पुढं ढकलला जातो. कडा आधी शिवून बंद केल्या की या वाढलेल्या कापडाला बाहेर पडायला वाटच राहत नाही. म्हणून मशीनवर कायम मध्यातून बाहेर जायचं. यात सूट नाही.

‘टेन्शन घट्ट कर’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. टेन्शन धाग्याचं असतं, ते आवळलं की चुण्या उलट वाढतात. सैल करायचा तो फूटचा दाब: मशीनच्या माथ्यावर, फूटच्या दांडीवर जो स्क्रू असतो तो दोनेक फेरे उघडा. वॉकिंग फूट मिळाला तर फारच चांगलं, त्याला वरूनही दाते असतात. घेताना आपला जुना फूट दुकानात घेऊन जा, नाहीतर बसत नाही.

पण निम्मं काम शिवण्याआधीच, फरशीवर होतं. खालची साडी उलटी अंथरा, कडा चिकटपट्टीनं फरशीला चिकटवा. सपाट हवी, ताणलेली नको. त्यावर बाकीचे थर, मध्यातून बाहेर हात फिरवत. मग सेफ्टी पिना, त्याही मध्यातूनच. कुठंही तळहात ठेवला की त्याखाली एक तरी पिन सापडली पाहिजे. इथं कंटाळा केला तर पुढं काहीच सावरता येत नाही.

पहिली रेघ बरोबर मध्यावर. मग उजवीकडच्या, 3-3 इंचांवर. त्या झाल्या की डावीकडच्या. सगळ्या रेघा वरून खाली, एकाच दिशेनं. उलटसुलट शिवल्या की दोन रेघांमध्ये कापड तिरकं ओढलं जातं. फूट जवळ आला की पिन काढा, पिनेवरून शिवू नका. आणि दुपटं टेबलाखाली लोंबू देऊ नका, त्याचं वजन टाके लहान-मोठे करतं. डाव्या बाजूला स्टूल लावून त्यावर ठेवा. दर दोन रेघांनी खालची बाजू बघा.

वेलबुट्टीची मोकळी शिवण तीन-चार दुपटी झाल्यावर.

शेवटी कडा सारख्या कापून अडीच इंची पट्टी दुहेरी दुमडून कडेला लावा.