बीएमआय काढला, पण कंबर मोजली का?

मोबाईलवर उंची-वजन टाकलं, बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा निघाला आणि त्याला 'ठीक' असा हिरवा रंग आला की माणूस निवांत होतो, पण आपल्या लोकांना त्या हिरव्यावर एवढा भरवसा ठेवून चालत नाही, म्हणून सगळं नीट सांगतो.

आधी मोजायचं कसं ते बघा. वजन सकाळी काही खायच्या आधी करा, काटा सपाट फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. उंचीला चपला काढून टाचा भिंतीला टेकवायच्या, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून कुणाला तरी खूण करायला सांगायचं. सगळ्यात जास्त घोळ होतो तो फूट-इंचात. पाच फूट दहा इंच म्हणून लोक ५.१० टाकतात, मशीन ते ५.१ फूट धरतं म्हणजे साधारण १५५ सेंमी, खरी उंची असते १७८. मग ७० किलोच्या माणसाचा बीएमआय २२ चा एकदम २९ होतो आणि घरात उगाच टेन्शन. त्यामुळं उंची सेंटीमीटरमध्येच टाका, एकूण इंच गुणिले २.५४ केलं की झालं.

हिशोब सोपा आहे, किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. समजा उंची १६० सेंमी, वजन ६२ किलो, तर ६२ भागिले १.६, परत भागिले १.६, येतात २४.२.

आता हे २४.२ बरे का वाईट? बऱ्याच ॲपमध्ये १८.५ ते २४.९ नॉर्मल असतंय, पण भारतीयांसाठी डॉक्टर २३ पासूनच वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. म्हणजे वरचा माणूस ॲपमध्ये पास आणि आपल्या हिशोबात काठ ओलांडलेला. या उंचीला २३ म्हणजे जवळपास ५९ किलो, तेवढं डोक्यात ठेवायचं.

असं का, तर आपल्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त असते आणि ती पोटात साठते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात दोघांचा फोटोच छापून आलाय. काट्याला यातलं काहीच दिसत नाही, आणि ज्या क्वेटलेनं १८३० च्या दशकात हे सूत्र काढलं तो बेल्जियमचा आकडेशास्त्राचा माणूस, डॉक्टर नव्हताच, त्याला लोकसंख्येची सरासरी बघायची होती.

म्हणून शिंप्याचा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजायचं. पॅन्टचा नंबर धरू नका, पॅन्ट पोटाखाली बसते. बायकांनी परकराच्या नाडीवरून नाही, नाडी सोडून मोजायचं. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमीच्या खाली पाहिजे, किंवा कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. दिवसभर लूमवर उभे राहणारे नाहीतर घरी बसून विड्या वळणाऱ्या, असे आपल्या सोलापुरात कितीतरी लोक हातापायानं बारीक आणि पोट तेवढं पुढं असे आहेत, बीएमआय २२ आला तरी त्यांनी शुगर आणि बीपी तपासून घ्यावंच, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

तालमीतल्या पैलवानाचा आकडा स्नायूंमुळं वाढतो, तो वेगळा. गरोदर बाईला हे माप लावायचं नाही, लहान मुलांचे तक्ते वेगळे असतात, ते बालरोगतज्ञांकडं. म्हाताऱ्या माणसाचे स्नायू झिजतात, त्यामुळं वजन ठीक दिसलं तरी ताकद बघा. आणि १८.५ च्या खाली असेल तर कौतुक करत बसू नका, बायकांनी हिमोग्लोबिन जरूर बघावं.

जास्त निघालं तर उपाशी राहायचं नाही. ६२ किलोच्या माणसानं तीन किलो कमी केले तरी शुगरला फरक पडतो. ज्वारीची भाकरी चालू ठेवा, शेंगाचटणीवर तेल ओतायचं कमी करा, पार्क चौपाटीवर खायला जायच्या फेऱ्या कमी करून रोज अर्धा तास भरभर चाला. वजन आठवड्यातून एकदा, कंबर महिन्यातून एकदा, दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा आणि डॉक्टरांकडं जाताना ती वही सोबत न्या.